सतरा नंबरचा भोपळा

१२ एप्रिल, शनिवार

एरविन,

हवा अजून थंड आहे. सकाळी कोंबड्यांच्या पाण्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा होता. वाटाणे पेरून झाले, बटाटे पुढच्या आठवड्यात.

काल दुपारी पहिला मार्टिन पक्षी आला. नर, पंख पूर्ण जांभळे, म्हणजे जुन्यातलाच कोणीतरी. खांबाच्या टोकावर बसून मान वाकडी करून बघत होता, भाडेकरूने येऊन घर झाडलंय का बघावं तसा. झाडलं नव्हतं. त्यांच्या घरट्यांचे पोकळ वाळके भोपळे अजून कोठारात खुंट्यांना होते. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते आणि बाबा पडवीत बसले होते. मी मान वर करायच्या आधीच ते म्हणाले, "आला."

बाबांना दिसत नाही, हे तुला कोणी कळवलं असेल की नाही, माहीत नाही. दोन वर्षं झाली. आधी नजरेच्या मधलं गेलं, मग कडेचंही. आता उजेड आणि काळोख एवढंच कळतं. गेल्या वर्षी त्यांनी भोपळे चाचपत टांगले. या जानेवारीत कोठाराच्या दारात घसरले, तेव्हापासून उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. मला म्हणाले, यंदा राहू दे. या पक्ष्यांना माणसाने टांगलेल्या घरावाचून दुसरं घर नाही, आणि एक वर्ष टांगलं नाही तर ते पुन्हा येत नाहीत, हे तुला त्यांनीच शिकवलं होतं. त्यामुळे "राहू दे" म्हणजे काय ते मला कळलं.

संध्याकाळपर्यंत मी चोवीसच्या चोवीस भोपळे टांगले. नंबर अजून तुझ्या हातचेच आहेत, चार उलटा काढलेला.

आता विचारायचं ते विचारते. भोपळ्यात आत काय घालायचं, गवत की लाकडाच्या ढलप्या? चिमण्या घुसल्या तर काय करायचं? तुझी जुनी वही सापडली, पण ती तू दहा वर्षांचा असताना लिहिलेली, अर्धं अक्षर मला लागत नाही. पत्ता फॅनीमावशीकडून घेतला. आठ वर्षांनी पहिलं पत्र आणि त्यात ढलप्या विचारते म्हणून हसू नकोस. चर्चने वाळीत टाकलेल्याबरोबर एका टेबलाला बसायचं नाही, त्याच्या हातून काही घ्यायचं नाही. पत्र तर टपालवाल्याच्या हातून येतं.

बाबांना हे पत्र माहीत नाही.

आई

३ मे, शनिवार

एरविन,

तीन दिवस पाऊस आणि बोचरा वारा. सफरचंदाचा मोहोर अर्धा खाली आला.

तुझं कार्ड मिळालं. "देवदाराच्या ढलप्या, दोन मुठी. चिमणीचं घरटं रोज काढून टाक, कंटाळेल. बावीस दिवसांच्या पिल्लांना हात लावू नकोस, घाबरून वेळेआधी उड्या मारतात. थंडीत उपाशी मरतात." वर मायना नाही, खाली सही नाही. लुइव्हिलचा शिक्का होता म्हणून तुझं. मी ते पिठाच्या डब्यामागे ठेवलं आहे.

थंडीत उपाशी मरतात हे लिहिलंस, पण मग काय करायचं ते लिहिलं नाहीस. पावसात किडे उडत नाहीत, आणि हे पक्षी उडत्या किड्याशिवाय कशाला तोंड लावत नाहीत. परवा एकेका भोपळ्यात सात-आठ जण दाटीवाटीने बसले होते. मी खिडकीतून बघत होते आणि बाबा म्हणाले, "किती वेळ उभी राहणार आहेस? अंडी तव्यावर परत."

तर अंडी परतली, बोटाच्या पेराएवढे तुकडे केले आणि अंगणात उभी राहून लाकडी चमच्याने आकाशात उडवले. पहिले पन्नास-साठ तुकडे गवतात पडले आणि कोंबड्यांनी खाल्ले. शेजारची एडना घोडागाडीतून चालली होती, तिने लगाम ओढला. म्हणाली, "सलोमा, कोंबडीचं अंडं कोंबडीला परत करतेस होय?" मी म्हटलं, हो, हिशेब चुकता करतेय. ती गेली ती थेट बहिणीकडे, त्यामुळे आता चर्चमध्ये सगळ्यांना माहीत होईल.

बाबा पडवीतून सांगत होते, "मनगटातून उडव. खांद्यातून नको." जरा वेळाने एका मादीने झेप घेऊन तुकडा वरच्या वर टिपला. मग दुसऱ्याने. मग सगळेच आले. चोचींचा आवाज ऐकून बाबा हसले. तो आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता, हसण्याचा म्हणते आहे.

दोघं मेले. बाकीचे तरले.

आत येताना बाबांनी विचारलं, ढलप्या देवदाराच्या घालायच्या हे कुठून कळलं. मी म्हटलं, वहीत आहे. वहीत गवत लिहिलंय.

आई

१ जून, रविवार

एरविन,

ऊन छान आहे. पहिली स्ट्रॉबेरी निघाली. आज चर्च नाही, त्यामुळे दिवसभर घर शांत.

चौदा घरटी, त्रेसष्ट अंडी. आठवड्यातून एकदा दोर सोडून भोपळे टांगलेलं सगळं चाक खाली आणते, एकेक भोपळा उघडून मोजते आणि वहीत तुझ्या शेवटच्या पानापुढे लिहिते. घरट्यात हिरवी पानं पसरलेली असतात. आपल्याच सफरचंदाची आणतात. ओली, ताजी पानं, त्यावर पांढरी अंडी. इतकं नीट मांडलेलं बघून मला दर वेळी चोरी केल्यासारखं वाटतं. झाकण लावून घाईने वर चढवते.

हे काम तुम्हा दोघांचं होतं. मी कधी खांबाजवळसुद्धा आले नाही. जेवायला या म्हणून पडवीतून ओरडायचे तेवढंच. आता कळतं की तुम्ही ऐकू येऊनही का यायचा नाहीत.

तुझं दुसरं कार्ड आलं. भिजलेलं घरटं बदलायचं ते समजलं. तू राहतोस ती जागा तिसऱ्या मजल्यावर आहे आणि खाली अंगण नाही, हे मात्र मी विचारलं नव्हतं. लिहिलंस ते बरं केलंस.

बाबा बरे आहेत.

आई

२५ जून, बुधवार

एरविन,

सोमवारी रात्रभर पाऊस झाला. वाटाण्याचा मांडव पडला. काल उघडीप होती.

काल माझ्या हातून मोठी चूक झाली, आणि ती तुला सांगण्यासारखी आहे.

सहा भोपळ्यांत पाणी गेलं होतं. पिल्लं चिखलात बसल्यासारखी, अंगावर बारीक किडे. मी चाक खाली घेतलं, तू लिहिल्याप्रमाणे पिल्लं टोपलीत काढली, कोरड्या ढलप्या घातल्या, पिल्लं परत ठेवली आणि वर चढवलं. प्रत्येक नंबर आपल्या जागी. घामाघूम झाले, पण खूश होते.

मग पक्षी चोचीत चतुर धरून यायला लागले. आले, भोपळ्यापाशी थांबले आणि फिरून गेले. पुन्हा आले, पुन्हा फिरले. कोणी आत जाईना. मला वाटलं मलाच भितायत, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन खिडकीतून बघत बसले. अर्धा तास गेला, एक तास गेला. आतून पिल्लांचा कलकलाट आणि बाहेर ते नुसते घिरट्या घालतायत.

बाबा खुर्चीतून उठले. म्हणाले, "सलोमा, हे नेहमीसारखं बोलत नाहीयेत. घर शोधतायत. तू चाक फिरवून चढवलंस."

मी म्हटलं, नंबर बघूनच लावलेत.

"नंबर आपल्याला. त्यांना दिशा. त्यांचं दार पूर्वेला होतं, ते आता कुठे आहे ते बघ." मग कपड्यांच्या दोरीला हात लावत लावत खांबापर्यंत आले. गुडघ्यावर बसले आणि खांबावरून अंगठा फिरवला. "इथे खाच आहे. चाकाच्या कड्यावर लाल ठिपका आहे. खाली आणलं की ठिपका खाचेसमोर आला पाहिजे आणि तसाच वर गेला पाहिजे." मी मान वर करून कडं बघितलं. ठिपका कधीच उडून गेलेला, गंजाच्या रंगात गंज.

अंगठा खाचेतच ठेवून ते म्हणाले, "एरविनने पाडली ही."

आठ वर्षांत हे नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं, एरविन. जेवणाआधी आम्ही मनातल्या मनात प्रार्थना करतो, तेव्हा घेत असतील तर मला माहीत नाही.

मग त्यांनीच सांगितलं. तू बारा वर्षांचा होतास, हीच चूक केली होतीस, दिवस मावळेपर्यंत कोणाला कळलं नाही आणि पाच पिल्लं गेली. तू रडत रडत खिशातल्या चाकूने ती खाच पाडलीस. मला तुम्ही दोघांनी मांजराने नेली म्हणून सांगितलं होतं.

चाक उतरवून, ठिपक्याच्या डागावर नख ठेवून, जुळवून चढवलं. मिनिटभरात पहिली मादी आत गेली. एकही पिल्लू गेलं नाही.

परत येताना मी बाबांचा कोपर धरला होता. पायरीशी थांबून ते म्हणाले, "ढलप्या, चिमण्या, भिजलेलं घरटं. एवढं त्या वहीत नाही. तुला कोण सांगतं ते मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही."

आई

५ जुलै, शनिवार

एरविन,

उकाडा. गवत कापून पडलंय, शेजारचे उचलायला येणार आहेत.

तुझं कार्ड नाही, पत्र आलं. लिफाफा घाईत फोडला, त्यामुळे कडेची दोन अक्षरं फाटली. बाबांनी नाव घेतलं तेव्हा नेमकं काय म्हणाले ते शब्द न शब्द लिही, असं लिहिलंस. ते मी मागच्या पत्रात लिहिलं आहे, त्यात एक शब्द माझा नाही. "एरविनने पाडली ही." एवढंच. राग नव्हता. आवाज खाली गेला होता.

आता खालच्या ओळींबद्दल. "त्या रविवारी सगळे हो म्हणाले, तू एकटी गप्प राहिलीस. त्याच्यावर मी आठ वर्षं काढली."

हे वाचून मी भांडी घासली. मग कोंबड्यांना दाणे टाकले. मग पुन्हा वाचलं. चार दिवस झाले, आता लिहिते.

मी गप्प राहिले नव्हते.

तू ट्रक घेतलास, घोडागाडीवरच राहीन हा बाप्तिस्म्याच्या वेळी दिलेला शब्द मोडलास, बिशप तीनदा येऊन गेले, तू भेटला नाहीस. त्या रविवारी पाहुणे आणि मुलं बाहेर गेल्यावर दार लावलं. एक धर्मोपदेशक पुरुषांच्या रांगेतून निघाला, एक बायकांच्या. प्रत्येकापाशी वाकून विचारायचा, वाळीत टाकायला संमती आहे का. माझ्या डाव्या हाताला एडना होती, ती पुटपुटली. मग तो माझ्याकडे वळला. माझं पुरुषांच्या रांगेत कोणाला ऐकूही आलं नसतं, त्यामुळेच पुढे मला तुला खोटं सांगता आलं. पण मी "हो" म्हणाले, एरविन. स्पष्ट म्हणाले. एडनाहून मोठ्याने.

वाळीत टाकतात ते माणूस परत यावा म्हणून, असं आम्हाला शिकवलंय. मला खरंच वाटलं, लवकर झालं तर लवकर परत येशील. एका हिवाळ्यात. ट्रकचा वीट येईल, भूक लागेल. मग तू सामान न्यायला आलास आणि अंगणात उभा राहून विचारलंस, "तूसुद्धा?" आणि तुझ्याकडे बघून मी मान हलवली. नाही म्हणून.

तेव्हा मला वाटलं, एवढं खोटं चालेल, हा काही दिवसांत येणारच आहे.

बाबांनी "हो" म्हटलं ते तुला तोंडावर सांगितलं. तू आठ वर्षं रागावलास ते त्यांच्यावर. निम्मा राग माझ्या वाट्याचा होता, तो मी त्यांना वाहू दिला.

पिल्लं बावीस दिवसांच्या पुढे गेली आहेत. आता भोपळे उघडत नाही.

आई

१६ जुलै, बुधवार

एरविन,

पाऊस नाही. मका कमरेच्या वर.

टपालाची गाडी अकराला येते. सव्वाअकराला मी पेटी बघते. बियाण्याच्या जाहिराती आणि फॅनीमावशीचं पत्र. मी काही मागत नाही, पेटी बघते एवढंच.

पिल्लं उडायला लागली. भोपळ्याच्या भोकातून डोकं बाहेर काढून दोन-दोन दिवस बसतात, आई-बाप समोर चतुर घेऊन हवेत थांबतात आणि देत नाहीत. घ्यायचा असेल तर बाहेर ये. मग एक पिल्लू पडल्यासारखं सुटतं आणि पडत नाही. सहा घरं रिकामी झाली. उशिराच्या जोड्यांची बाकी आहेत. नऊ नंबरात तर, वहीतल्या तारखांवरून, पिल्लं आत्ताशी आठवड्याची आहेत. सतरामध्ये चार, उडायच्या बेतात.

आता माझ्याकडे विचारायला प्रश्न उरला नाही. सगळं जमायला लागलंय. तरी लिहिते.

जूनमध्ये मी लिहिलं की बाबा बरे आहेत. ते बरे नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, औषधाने थोडं चालेल. मी विचारलं, थोडं म्हणजे किती. ते म्हणाले, थंडीपर्यंत बघू. बाबांनी गाडीत घोड्याला विचारलं, "तुला काय वाटतं?" बिनपाठीच्या बाकावर तीन तास बसवत नाही म्हणून ते आता चर्चलाही येत नाहीत. मी एकटी जाते. ते पडवीत राहतात, पक्ष्यांपाशी.

हे तू यावंस म्हणून लिहीत नाही. आधी लपवलं होतं, म्हणून लिहिते.

आई

२१ जुलै, सोमवार

एरविन,

काल चर्चची पाळी योडरांच्या घरी होती. जेवण आटपून मी दोनला घरी आले. वाटेच्या खडीवर रुंद चाकांचे ठसे होते. वाटलं, दूधवाला वळला असेल.

पायरीवर माझी भांडी पुसायची फडकी होती. पडवीतल्या टोपलीत मी चुरगळून टाकली होती, ती घडी करून एकावर एक ठेवलेली. चारी कोपरे जुळवून, मी तुला शिकवली तशी. मी गाडीतून उतरून तशीच खांबापाशी गेले. दोराला गाठ वेगळी होती. वर कड्यावर लाल ठिपका होता, नवा, आणि खाली खाचेतही तसाच. मी बोट लावलं. ओला होता.

बाबा खुर्चीत बसले होते, दोन्ही हात मांडीवर उताणे.

मी विचारलं, कोण आलं होतं.

"पिल्लू पडलं होतं," ते म्हणाले. "खांबाखाली ओरडत होतं. मी गवतात हात फिरवला, मिळेना. मग कोणीतरी उचलून माझ्या ओंजळीत दिलं."

"कोणीतरी म्हणजे?"

"मला डोळे आहेत का, सलोमा? हातात आलं ते घेतलं. बिशपनी विचारलं तरी हेच सांगेन."

मी पायरीवर बसले. मग ते आपणहून बोलायला लागले. पिल्लाने उडी लवकर मारली होती, पंखात जोर नव्हता. आधी बाकीच्या भोपळ्यांची भोकं फडक्यांनी बंद केली, म्हणजे उरलेली घाबरून उडी मारणार नाहीत, मग चाक हळूहळू उतरवलं. तोवर पिल्लू त्यांच्या हातातच होतं. छाती इतकी धडधडत होती की आपलीच वाटली, म्हणाले. मग ते परत घेतलं गेलं. घेणाऱ्याचे हात राठ होते आणि त्यांना छपराच्या डांबराचा वास होता.

"बोलला काही?"

"म्हणाला, सतरा नंबरचं आहे."

"अजून?"

"फडकी काढली, रंग लावला. पाणी मागितलं नाही. मी दिलं असतं."

मग मी जे विचारायला नको होतं ते विचारलं. माझ्याबद्दल काही म्हणाला का? बाबांनी मान माझ्याकडे वळवली. दिसत नाही, तरी वळवतात.

"तू कुठे आहेस ते विचारलं नाही. त्याला रविवार माहीत आहेत."

ते मला कळलं. एक रविवार आड चर्च असतं हे तू जन्मापासून पाळलंस, तेव्हा मी कधी घरी नसेन ते तुला बरोबर माहीत असणार. रागावले नाही. फडकी आत आणली, पण अजून वापरायला काढली नाहीत.

सतरा नंबरचं आज सकाळी उडालं. बाबांनी मला हाक मारून सांगितलं, मी आत होते. आता फक्त नऊ नंबर उरला. ती पिल्लं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उडतील, मग आठ-दहा दिवसांत सगळेच जातील, आणि चाक उतरवून भोपळे धुवून कोठारात टांगायचे. ते माझ्याने होतं.

तीन ऑगस्टला चर्च एडनाकडे आहे. मी साडेआठला निघेन आणि दोनच्या आत येणार नाही. लवकर आटपलं तरी मी घोडा चालत चालत आणेन. निघण्याआधी स्वयंपाकघरातलं टेबल आणि धुलाईघरातलं टेबल शेजारी शेजारी लावून ठेवते. मध्ये एक इंचाची फट राहील, म्हणजे टेबलं दोन. त्यावर मेणकापड एकच पसरते. बाबांची खुर्ची खिडकीच्या बाजूला, तुझी दाराच्या. पाव, शेंगदाण्याचं लोणी आणि बिटाचं लोणचं फडक्याखाली झाकलेलं असेल. वाढून देणारं कोणी नाही, तेव्हा कोणी कोणाच्या हातून घेण्याचा प्रश्न येत नाही. पाणी तांब्यात भरून मध्यावर ठेवते, फटीवर. ज्याचं त्याने घ्यावं.

हवामान लिहायचं राहिलं. ऊन आहे, वारा पश्चिमेचा.

मधला रविवार, सत्तावीस तारीख, मोकळा आहे. त्या दिवशी मी घरी असते. तुला रविवार माहीत आहेत.

आई